लेकरू ओटीत घेतले, आता कागदही करा



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही तुमच्या घरचाच आहे. मूलबाळ नाही म्हणून, किंवा एखादे लेकरू पोरके झाले म्हणून, आपल्याकडे भावाचे, बहिणीचे, मेहुणीचे मूल जवळ घेतात. त्याला जीव लावतात, शिकवतात, त्याचे लग्न करतात. फक्त एक गोष्ट राहते, ती म्हणजे कागद. आणि कागद राहिला म्हणजे काय होते, ते मला ढोकीच्या शिवारात कळले.

मृग निघायच्या आधीची गोष्ट. सोयाबीनची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, ते दाखवायला गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून झाले, मंडळी पांगली. एक ताई मात्र पिशवी घेऊन थांबून राहिल्या. मागे एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. मालक वर्षापूर्वी वारले होते. ताई म्हणाल्या, “साहेब, दोन वर्षांचं होतं तवा ह्याला ओटीत घेतलं. आता कागद म्हणतोय, लेकरू माझं न्हाई.”

मुलगा त्यांच्या नणंदेचा. नणंद आणि तिचा नवरा ऊसतोडीला गेले असताना परजिल्ह्यात जन्मला. जन्माच्या दाखल्यावर जन्मदात्या बापाचे नाव. शाळेच्या दाखल्यावर मामाचे नाव. आधारकार्डावरही मामाचे. बारावी झाल्यावर पुढच्या प्रवेशाला तीन कागदांवर दोन बाप निघाले. आणि मामा गेल्यावर सातबाऱ्याला वारस लावायची वेळ आली, तेव्हा भावकीतून हरकत आली की, “हा मुलगा दत्तक असल्याचा पुरावा दाखवा.” पुरावा नव्हता. गावजेवण झाले होते, पेढे वाटले होते, पण लेखी ओळ एकही नव्हती.

आता माझी चूक सांगतो. त्या मुलाला पहिलीत घातले तेव्हा मी याच भागात नोकरीला होतो. बापाच्या जागी नाव कोणाचे लावायचे, म्हणून मालकांनी मला विचारले होते. मी म्हणालो होतो, “तुमचंच लावून टाका, पुढचं पुढं बघू.” मी बी. एस्सी. झालेला माणूस. तुमचे हजारो अर्ज मी भरून दिले असतील. तरी हा सल्ला मी दिला, आणि तो चुकीचा होता. म्हणून हा लेख लिहायला बसलो.

माया आहे, पुरावा नाही

परक्या लेकराला जवळ करायला आपला भाग कधी मागे राहिला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. आईबाप गमावलेली कितीतरी लेकरे चुलत्यांनी, मामांनी, आज्यांनी उचलली. नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले. भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेले. माया कमी नव्हती आणि आजही नाही.

पण कोर्टापुढे माया मोजली जात नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयात एक दावा निकाली निघाला. आंध्र-तेलंगणाकडील एका मुलीची आई ती लहान असतानाच वारली. मावशीने आणि तिच्या नवऱ्याने तिला वाढवले. शाळा-कॉलेजच्या कागदांवर आईबाप म्हणून त्यांचीच नावे होती. वाढवणारा बाप वारल्यावर वाद झाला. दत्तक देण्या-घेण्याचा विधी झाला, पत्नीची संमती होती, हे सिद्ध झाले नाही. न्यायालयाने सांगितले, वाढवले हे खरे, पण कायद्याने ही दत्तक मुलगी ठरत नाही.

यातून एवढे ध्यानात घ्या. शाळेत नाव लावल्याने मूल दत्तक होत नाही. रेशनकार्डात घातल्याने होत नाही. आधारकार्डानेही होत नाही. आधी दत्तक कायद्याने व्हावे लागते, मग बाकीचे कागद त्याच्या आधाराने निघतात. आधी नांगरट, मग पाळी, मग पेरणी. आपण उलटे करतो, म्हणून पुढे अडतो.

नात्यातले मूल घेताना

हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू आहे. पूर्वी वंश चालवायला मुलगाच दत्तक घेत. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ साली दत्तक जाऊन ते गादीवर बसले. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापुरास दत्तक आले. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. या कायद्याच्या मुख्य अटी अशा:

१. मूल अविवाहित आणि १५ वर्षे पूर्ण न झालेले असावे. याहून मोठ्याचे दत्तक रूढी सिद्ध झाली तरच टिकते.

२. मुलगा घ्यायचा तर आपल्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. घरात मुली असून मुलगा घेता येतो, आणि मुलगे असून मुलगी घेता येते.

३. नवऱ्याने दत्तक घेताना बायकोची संमती हवी. २०१० च्या दुरुस्तीपासून विवाहित स्त्रीही नवऱ्याच्या संमतीने दत्तक घेऊ शकते. विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित स्त्रीलाही हक्क आहे.

४. पुरुष मुलगी घेत असेल, किंवा स्त्री मुलगा घेत असेल, तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे.

५. मूल देण्याचा हक्क आईबापांचा. एकाने द्यायचे तर दुसऱ्याची संमती हवी. एक वारला असेल तर दुसरा देऊ शकतो, त्यासाठी मृत्यूचा दाखला जोडा. दोघेही नसतील, तर आजीच्या किंवा चुलत्याच्या अंगठ्यावर काम भागत नाही. पालकाला कोर्टाची परवानगी घ्यावीच लागते. गावाकडे सर्वांत जास्त चूक इथे होते.

६. मूल प्रत्यक्ष एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिले-घेतले गेले पाहिजे. होमहवन नाही केले तरी चालते. देणे-घेणे मात्र झालेच पाहिजे. त्या दिवसाचे फोटो काढा, चार वडीलधारी माणसे बोलवा.

७. मुलाबद्दल पैसे देणे-घेणे गुन्हा आहे.

दत्तकपत्र: सर्व कागदांचे मूळ

विधी झाला की दत्तकपत्र लिहून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे जिथे आपण खरेदीखत करतो तिथे, नोंदवावे. कायद्याने नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणीचे बळ मोठे आहे. देणारे व घेणारे यांच्या सह्यांचे दत्तकपत्र नोंदलेले असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत दत्तक कायदेशीर झाले असेच न्यायालय धरते. भावकीने हरकत घेतली तर सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर जातो.

दत्तकपत्रात देणाऱ्या व घेणाऱ्या आईबापांची पूर्ण नावे, मुलाचे जुने व नवे नाव, जन्मतारीख, जन्माचे ठिकाण, विधीची तारीख व जागा, आणि ‘मूल प्रत्यक्ष दिले व घेतले’ हे वाक्य असावे. दोन साक्षीदार तरुण घ्या. वीस वर्षांनी साक्ष द्यायची वेळ आली तर ते हयात असले पाहिजेत. मुद्रांक किती लागतो ते त्या दिवशी कार्यालयातच विचारा. दोन-तीन प्रमाणित नकला काढून ठेवा. मूळ प्रत कोणाच्या हाती देऊ नका.

नंतरचे कागद, क्रमाने

पहिला जन्माचा दाखला. जन्माची नोंद मूल जिथे जन्मले तिथल्या दफ्तरी असते, जिथे वाढते तिथे नसते. ढोकीत जन्मलेल्याची ढोकी ग्रामपंचायतीत, धाराशिव शहरात जन्मलेल्याची तिथल्या नगरपालिकेत. ऊसतोडीच्या फडावर परजिल्ह्यात जन्मलेल्या लेकराची नोंद त्या गावी किंवा त्या दवाखान्याच्या हद्दीत. त्या निबंधकाकडे (गावात हे काम ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांकडे असते) नोंदणीकृत दत्तकपत्राची प्रमाणित नकल, जुना दाखला व दोघांचे आधार जोडून दत्तक आईबापांची नावे लावण्याचा अर्ज करा. अर्जाची पोच घ्या. ‘होत नाही’ असे तोंडी उत्तर मिळाले तर लेखी मागा. लेखी कारण हातात असले म्हणजे वरच्या कार्यालयात किंवा वकिलाकडे जाता येते.

जन्माची नोंदच झालेली नसेल तर आधी ती करून घ्या. २१ दिवसांत नोंद सहज होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, लग्ननोंदणी, सरकारी नोकरी अशा अनेक कामांत जन्माचा दाखला हाच जन्माचा पुरावा ठरवला आहे. म्हणून हा कागद पहिला.

दुसरे आधार. पाच वर्षांखालील मुलाचे बाल आधार जन्मदाखला व आई किंवा बापाच्या आधारावर निघते. पाचव्या व पंधराव्या वर्षी बोटांचे व डोळ्यांचे ठसे द्यावे लागतात. मुलाचे जुन्या नावाने आधार निघालेले असेल तर दुसरे काढू नका. एका माणसाला जन्मभर एकच आधार क्रमांक. नव्या जन्मदाखल्यावरून जुन्यातच दुरुस्ती करा. दोन आधार निघाले तर दोन्हींचा घोळ होतो.

तिसरे रेशनकार्ड. जन्मदात्यांच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, तो जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत आपल्या कार्डात नाव चढवा.

चौथा शाळेचा कागद. जन्माचा दाखला तयार नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका. वयाचा पुरावा नाही या कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण जनरल रजिस्टरला नाव चढवताना विचार करा. तिथे एकदा चुकले की दुरुस्तीला शिक्षण खात्याची मंजुरी लागते, आणि शाळा सोडल्यावर तर फार अवघड जाते. दत्तक झालेले नसेल तर जन्मदाखल्याप्रमाणेच नाव लावा, आणि दत्तकपत्र झाल्यावर त्याच्या आधारे बदलून घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. आईचे नाव म्हणजे दत्तक आईचे, हे विसरू नका.

एक किरकोळ गोष्ट. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. जुन्या कागदावर उस्मानाबाद आणि नव्यावर धाराशिव असणारच. त्याची काळजी करू नका.

अनोळखी मूल घेताना

एखाद्या दवाखान्यातून, दायीकडून किंवा ‘कोणाला तरी नको आहे’ म्हणून आणलेले मूल परस्पर घरी ठेवू नका. हेतू चांगला असला तरी कायदा ते दत्तक मानत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात नियम डावलून दत्तक दिल्या-घेतल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. मुलाची खरेदी-विक्री केली तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

उसाच्या फडात, एसटी स्टँडवर टाकून दिलेले मूल सापडले तर चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती किंवा १०९८ या फोनवर कळवावे लागते. ज्याला असे मूल दत्तक हवे, त्याने जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, ऑनलाईन नाव नोंदवावे. घराची पाहणी होते, वाट पाहावी लागते. पण शेवटी दत्तक आदेश हातात येतो आणि तो पक्का असतो. तो जोडून अर्ज केला की जन्मदाखल्यावर तुमचीच नावे येतात.

मुस्लिम व ख्रिस्ती बांधवांसाठीही हाच मार्ग खुला आहे. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना नात्यातले मूलही याच कायद्याने घेता येते.

तुम्ही विचारता ते प्रश्न

*दत्तक घेतला की माझी जमीन लगेच त्याची होते का?* नाही. आपली स्वतःची मिळकत विकण्याचा, बक्षीस देण्याचा, मृत्युपत्र करण्याचा तुमचा हक्क दत्तकाने जात नाही. तुमच्या पश्चात मात्र तो पोटच्या मुलासारखाच वारस असतो, आणि वारस नोंदीत म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये त्याचे नाव लागते.

*जन्मदात्या बापाच्या जमिनीत त्याला वाटा राहतो का?* दत्तक जाण्यापूर्वी जी मिळकत त्याच्या मालकीची झालेली असेल ती त्याचीच राहते. त्यानंतर जुन्या घराशी वारसाचे नाते तुटते. लग्नाच्या बाबतीत मात्र जुने रक्ताचे नाते पाळावेच लागते.

*पुढे पटले नाही तर दत्तक मोडता येते का?* नाही. कायदेशीर झालेले दत्तक घेणाऱ्यालाही मोडता येत नाही आणि मुलालाही परत जाता येत नाही. म्हणून घेण्याआधी दोन्ही घरांनी नीट विचार करा.

*जातीच्या दाखल्याचे काय?* तो प्रश्न वेगळा आहे. उच्च जातीतला उमेदवार मागास घरात दत्तक गेला एवढ्यावरून त्याला आरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले आहे. जातपडताळणीत जुने कागद पाहतात. म्हणून जन्मदात्या घराच्या शाळेच्या व महसुली नोंदींच्या नकला फेकू नका, त्याच पिशवीत ठेवा.

*नवरा गेल्यावर बाईने घेतले तर?* घेता येते. पण सगळे लाभ मिळतीलच असे नाही. नागपूरला नोकरी करून निवृत्त झालेले एक केंद्रीय कर्मचारी १९९४ साली वारले. त्यांच्या पत्नीने १९९६ साली मुलगा दत्तक घेतला. त्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला, कारण दत्तक कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतरचे होते. दोघेही हयात असताना केलेले काम केव्हाही बरे.

ज्यांचा वेळ गेला त्यांनी

आता त्या ताईंचे काय झाले ते सांगतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, दत्तकाचे वय उलटलेले. आम्ही वकिलाला भेटलो. मालकांची पत्नी म्हणून जमिनीवर ताईंचे नाव लागले, त्याला कोणाची हरकत टिकली नाही. ताईंनी मुलाच्या नावे मृत्युपत्र करून ते नोंदवले, साक्षीला डॉक्टर घेतले. जमीन त्याला मिळेल. कागदोपत्री मुलगा होणे मात्र राहून गेले. आता त्याच्या शाळेच्या दाखल्यावरचे बापाचे नाव दुरुस्त करण्याचा अर्ज चालू आहे. म्हणजे ज्या माणसाला तो सतरा वर्षे बाबा म्हणत आला, त्यांचे नाव त्याला स्वतःच्या सहीने खोडावे लागणार आहे. अर्ज भरताना तो मला काही बोलला नाही. पेन हातात धरून बराच वेळ बसला होता.

ज्यांच्या घरी असे वाढवलेले मूल आहे आणि ते पंधराच्या आत आहे, त्यांनी या हंगामातच काम हाती घ्यावे. ज्यांचे मूल मोठे झाले, त्यांनी निदान मृत्युपत्र करून नोंदवावे. धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कमी उत्पन्नाची कुटुंबे यांना तिथे फुकट वकील मिळतो. खर्चाला घाबरून थांबू नका.

एक कापडी पिशवी शिवा. तीत दत्तकपत्र, दोन्ही जन्मदाखले, आधारच्या प्रती, विधीचे फोटो आणि अर्जांच्या पोचपावत्या ठेवा. पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. आणि लेकरू जाणते झाले की एक दिवस त्याला जवळ बसवून, ती पिशवी उघडून, खरे काय ते तुम्हीच सांगा. भावकीच्या भांडणात किंवा ऑफिसच्या खिडकीवर त्याला ते कळू नये.

असो. आषाढी आधी ढोकीला माझी पुन्हा फेरी आहे. सोयाबीनच्या शंकांबरोबर कोणाला या कागदांची शंका असेल, तर पिशवी घेऊन या. आपण एकत्र बसून बघू.